वकिलाचे पुस्तक

गोकुळाष्टमीचा काला झाला आणि घरोघर गणपतीच्या मखराची तयारी सुरू झाली, की आमच्या गायनवर्गातली एक तसबीर मी भिंतीवरून उतरवतो, काच पुसतो आणि तंबोऱ्याशेजारी पाटावर मांडतो. दरवर्षी नवी आलेली मुले विचारतात, "गुरुजी, हे कोणते खाँसाहेब?" खाँसाहेब नव्हेत, बुवाही नव्हेत. हे मुंबईचे एक वकील, पंडित विष्णु नारायण भातखंडे. गोकुळाष्टमीच्या दिवशी, १० ऑगस्ट १८६० रोजी, ते मुंबईस वाळकेश्वरी जन्मले आणि गणेशचतुर्थीच्या दिवशी, १९ सप्टेंबर १९३६ रोजी, निवर्तले. पंचांगात या दोन सणांमध्ये दहा-बारा दिवसांचेच अंतर. त्या अंतरात ७६ वर्षांचे एक आयुष्य बसले, आणि त्यातले निम्म्याहून अधिक दुसऱ्यांच्या मुलांना गाणे कसे यावे या एकाच खटपटीत गेले.

त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. विद्वान मंडळी त्यांच्या थाटांवर अजून भांडतात, आणि ते भांडण लवकर मिटेल असे चिन्ह नाही. मला लिहायचे आहे ते ग्वाल्हेरच्या बाजूने. ग्वाल्हेरने त्यांना चिजा दिल्या आणि त्यांनी ग्वाल्हेरला शाळा दिली. या देवघेवीत गवयांच्या घरांनी काय गमावले आणि काय मिळवले, हे आपल्याकडे मोकळेपणी कोणी बोलत नाही. माझे वडील दरबारचे गवई. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. नानांच्या तोंडून भातखंड्यांचे नाव मी कधी ऐकले नाही. ते नुसते "वकील" म्हणत. "वकिलाचे पुस्तक", "वकिलाचा यमन", आणि एखाद्या पोराने सरळसोट, बिनकणांचा स्वर लावला म्हणजे, "वकिलाकडे शिकलेला दिसतोस!" ही शेवटची तर आमच्या घरात शिवीच होती.

हा राग समजून घ्यायचा तर जुने दिवस डोळ्यांसमोर आणले पाहिजेत. दौलतराव शिंद्यांच्या दरबारी बडे महंमद खाँ होते, आणि त्यांची तान उचलण्यासाठी हद्दू खाँ-हस्सू खाँ या भावांना पडद्याआड बसवून ऐकवले गेले, ही कथा लष्करातल्या जुन्या घरांत आजीच्या गोष्टींबरोबर सांगितली जाई. कथा खरी असो वा रंगवलेली असो, ती आपण इतक्या कौतुकाने सांगतो यातच सारे आले. विद्या ही पडद्याआडून मिळवण्याची वस्तू! बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची हकीकत तर कथा नव्हे. धारेस देवजीबुवांकडे राहून शिकले, तिथे घरातल्या कटकटींमुळे टिकता आले नाही, आणि मग ग्वाल्हेरीस येऊन हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून त्यांनी गायकी मिळवली. बाळकृष्णबुवांनी ती दक्षिणेस नेली म्हणून आज महाराष्ट्रात ख्याल घरोघर पोहोचला. पण त्या एका माणसाला त्यासाठी जे हाल सोसावे लागले, ते प्रत्येक गाणे शिकू पाहणाऱ्या मुलाने सोसावेत असा नियम असता, तर आज किती जण गात असते?

आमच्या घरात एक वही होती. लाल बासनात बांधलेली. दसऱ्याला तिची पूजा होई. तिच्यात चिजांचे बोल होते, रागाचे नाव होते, क्वचित तालाचे. स्वर मात्र एकही नाही. वही चोरीस गेली तरी चोराला काही मिळू नये, अशीच ती लिहिलेली. याला कोतेपणा म्हणणे सोपे आहे, आणि शाळा-कॉलेजांतल्या भाषणांतून तसे म्हटलेही जाते. मी म्हणत नाही. गवयाला शेत नव्हते, दुकान नव्हते. दरबारची नेमणूक एका माणसाच्या मर्जीवर. त्याची जमीन म्हणजे त्याच्या दोनशे-तीनशे चिजा, आणि त्यांतल्या ज्या दहा-वीस दुसऱ्या कोणाला येत नाहीत ती त्याची बागायत. ती बागायत कोणी नकाशा काढून गावाला वाटून टाकावी, हे त्याला कसे रुचावे?

आणि नेमके तेच काम हे वकीलसाहेब करायला निघाले होते.

त्यांची सुरुवात शौकापासून झाली. शिकत असतानाच सतारीचा नाद लागला. १८८४ साली मुंबईच्या पारशी गायन उत्तेजक मंडळीत ते दाखल झाले. ही मंडळी म्हणजे गाण्याचा छंद असलेल्या गृहस्थांची संस्था. तिथे रावजीबुवा बेलबागकरांसारख्यांकडून ध्रुपदे मिळाली, अली हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल मिळाले. मधल्या काळात १८८५ साली ते बी.ए. झाले, १८८७ साली एल्एल्.बी. झाले, काही काळ कराचीस वकिली केली आणि मग मुंबईस परतले. १९०० साली पत्नी गेली, १९०३ साली मुलगीही गेली. घर रिकामे झाले. अशा वेळी माणूस तीर्थयात्रेस निघतो. भातखंडेही १९०४ साली यात्रेस निघाले, पण त्यांनी देवळांबरोबर पोथ्यांची भांडारे आणि गवयांची बिऱ्हाडेही शोधली. दक्षिणेत एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितांना ते भेटले आणि व्यंकटमखीच्या ७२ मेळांची व्यवस्था त्यांनी समजावून घेतली. १९०७ साली नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी करून हैदराबादेस गेले. तिथे अप्पा तुळसी हे आपले मराठी शास्त्री निजामाच्या राज्यात बसून संगीतावर संस्कृत ग्रंथ लिहीत होते. दोघांचे चांगले जमले. पुढच्या वर्षी उत्तरेकडची फेरी झाली.

या साऱ्या प्रवासांच्या त्यांनी रोजनिश्या ठेवल्या होत्या. त्या वाचताना मला पदोपदी कोर्टातला माणूस दिसतो. समोर कितीही मोठा उस्ताद असो, यांचा प्रश्न ठरलेला: हा निषाद इथे कोमल का? या रागाला आधार कोणता? तुमच्या वडिलांनी असेच सांगितले, की हे तुमचे? उलटतपासणीच ती! उस्ताद म्हणणार, हमारे घराने में ऐसा ही है. आणि वकीलसाहेब रात्री दिव्याशी बसून लिहिणार की यांना काही सांगता येत नाही. हे शेरे कित्येक ठिकाणी कडवट आहेत, आणि अन्यायाचेही आहेत. ज्याने वीस वर्षे नुसता षड्ज लावण्यात घालवली, त्याला त्या षड्जाची व्याख्या विचारून नापास करणे हा काही न्याय नव्हे. नानांचा त्यांच्यावरचा राग बहुधा अशाच कुठल्या ऐकीव गोष्टीतून आलेला असावा.

पण ही एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की चीज मिळवण्यासाठी या माणसाने आपला मान कधी आड येऊ दिला नाही. रामपूरला वजीर खाँ, तानसेनाच्या वंशातले थोर बीनकार. त्यांच्या विद्येपर्यंत पोहोचावे म्हणून पन्नाशीच्या आसपासच्या या पंडिताने रामपूर दरबारची शागिर्दी पत्करली. जयपूरचे महंमद अली खाँ मनरंगाच्या घराण्याचे. त्यांच्या घरच्या शेकडो चिजा त्यांचे मुलगे आशक अली आणि अहमद अली यांच्याकडून भातखंड्यांनी मिळवल्या, फोनोग्राफवर गाऊन घेतल्या आणि कागदावर उतरवल्या. खाँसाहेबांना ते कळले तेव्हा ते आधी संतापले आणि मग राजी झाले असे सांगतात. ते राजी झाले यावर माझा विश्वास बसतो. आपण मेल्यावर आपली चीज राहील, हे ऐकून कोणता गवई फार वेळ रागावून बसेल?

आता या मिळवलेल्या धनाचे त्यांनी काय केले ते पाहा. १९०९ साली त्यांचा 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ निघाला. त्यावर नाव स्वतःचे नाही, 'चतुर पंडित' असे आहे. मग त्या ग्रंथाचे विवरण म्हणून 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' मराठीत लिहायला घेतली. चार भाग, १९१० पासून १९३२ पर्यंत. तीत गुरु-शिष्यांचा संवाद आहे आणि गुरुजी मधूनमधून 'चतुर पंडितांचे मत असे आहे' म्हणून हवाला देतात. म्हणजे स्वतःलाच परका साक्षीदार करून उभे केले! वाचताना हसू येते. तरी या थट्टेमागे एक स्वभाव आहे. आपल्या नावापेक्षा मुद्दा पुढे जावा, ही धडपड. त्यांनी स्वतः रचलेल्या चिजांत आणि लक्षणगीतांतही 'चतुर' किंवा 'हररंग' हीच मुद्रा येते. आणि हा सारा संसार मराठीत! उत्तरेतल्या अभ्यासकालाही हिंदुस्थानी संगीताचे शास्त्र नीट वाचायचे तर बराच काळ मराठी यावे लागे. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने हिंदी भाषांतरे काढली तेव्हा ती सोय झाली.

आपल्या संस्थानी शहरांचा त्यांच्या कामाशी संबंध आला तो परिषदांपासून. बडोद्यास सयाजीरावांच्या राज्यात मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ पासून चालू होती, आणि मौलाबक्षांची स्वतःची स्वरलिपीही होती. त्याच बडोद्यास मार्च १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. निरनिराळ्या दरबारांचे गवई आणि ग्रंथ वाचलेले पंडित एका मांडवाखाली बसले. श्रुतींच्या पेटीवरून जोराचा वाद झाला आणि उदेपूरच्या झाकिरुद्दीन खाँसारख्यांच्या गळ्याने तो ऐकवून निकालात काढला. पुढे दिल्ली, काशी आणि दोनदा लखनौ अशा चार परिषदा झाल्या. ही सारी धावपळ ज्यांनी केली त्यांना कोणी त्याचा पगार देत नव्हते.

बडोद्यानंतर आमच्या ग्वाल्हेरने पाऊल उचलले. माधवराव महाराजांना कवायती फौज, रेल्वे, शाळा या साऱ्यांची हौस होती. गाण्याचीही शाळा असावी हे त्यांनी मनावर घेतले आणि भातखंड्यांना बोलावले. महाराज म्हणतील त्या पगारावर राहता आले असते. भातखंड्यांनी पगार घेतला नाही. त्यांनी मागितली ती माणसे. दरबारच्या आणि शहरातल्या निवडक गवयांना मुंबईस धाडा, मी त्यांना लिपी आणि पद्धत शिकवतो, मग ते परत येऊन तुमची शाळा चालवतील.

या प्रसंगाचा मी अनेकदा विचार करतो. तयार गवई, बैठकी मारलेले, घरी शिष्य असलेले, ते मुंबईस जाऊन कागद-पेन्सिल घेऊन पोरांसारखे बसले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. आज दहा वर्षांची मुलगी हे एका दुपारी शिकते. पण ज्याने आयुष्यभर चीज कानाने घेतली आणि गळ्याने दिली, त्याला ही चिन्हे लिहिताना काय वाटले असेल? त्या मंडळींत राजाभय्या पूछवाले होते. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीचे, वामनबुवा देशपांड्यांकडे ध्रुपद शिकलेले, शंकरराव पंडितांसारख्या गुरूकडून ग्वाल्हेरची अस्सल गायकी घेतलेले. त्यांना या कागदाची गरज नव्हती. तरी ते बसले, आणि परत येऊन शाळेत शिकवू लागले.

जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय उघडले. राजाभय्या पुढे तिथले प्राचार्य झाले आणि त्यांच्या हाताखालून शिष्यांच्या पिढ्या गेल्या. १९५६ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला आणि त्याच वर्षी ते वारले. ग्वाल्हेरच्या कितीतरी चिजा त्यांनी भातखंड्यांना दिल्या. हातचे न राखता दिल्या, असे म्हणतात. आमच्या घरात मात्र याच गोष्टीची कुरकुर चाले. घरची वस्तू बाहेर गेली!

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की ग्वाल्हेरीत गाण्याची शाळा ही काही केवळ मुंबईहून आलेली कल्पना नव्हती. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव पंडित यांनी १९१४ सालीच स्वतःचे विद्यालय काढले होते आणि वडिलांच्या मागे त्याला त्यांचे नाव दिले. कृष्णरावांना १८९३ ते १९८९ असे प्रदीर्घ आयुष्य लाभले आणि अखेरपर्यंत ते शिकवत राहिले. त्यांच्यावर कोणीतरी स्वतंत्रपणे, जवळून पाहिलेल्या माणसाने लिहावे. मी इथे एवढेच म्हणतो की दोन्ही शाळांमुळे लष्करातल्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या, भिक्षुकाच्या मुलाला पहिल्यांदा असे दार मिळाले, ज्याच्यातून आत जाताना गवयाच्या घरचे पाणी भरावे लागत नव्हते. मुलींना तर याहूनही मोठे दार मिळाले. गाणे शिकवण्यासाठी आपली मुलगी एखाद्या बुवांच्या घरी पाठवायला जे आईबाप कचरत, ते वेळापत्रक आणि परीक्षा असलेल्या शाळेत तिला बिनघोर पाठवू लागले. जुन्या घरांतल्या किती आज्या अजूनही 'क्रमिक'चा पहिला भाग जपून आहेत, हे मी शिकवण्यांच्या निमित्ताने घरोघर पाहिले आहे. त्यांतल्या कोणी बैठकी केल्या नाहीत. पण देवापुढे बसून गुणगुणतात तेव्हा भूप भूपच राहतो, त्यात मध्यम शिरत नाही.

भातखंडे स्वतः शाळा पाहायला येत, परीक्षा घेत, पुन्हा जात. १९२६ साली लखनौस मॉरिस कॉलेज निघाले. तिथेही यांचीच खटपट, राय उमानाथ बली आणि नवाब अली यांच्या साहाय्याने. त्याच कॉलेजाचे पुढे भातखंड्यांच्या नावाने विद्यापीठ झाले. ग्वाल्हेरीतही आता संगीताचे विश्वविद्यालय आहे. ते २००८ साली स्थापन झाले आणि राजा मानसिंह तोमरांच्या नावाने आहे. पाया कोणी खणला ते इमारत उभी राहिल्यावर दिसत नाही, त्याला इलाज नाही.

'क्रमिक पुस्तक मालिका' हे त्यांचे खरे शिक्षकाचे काम. सहा भाग, सुमारे अठराशे चिजा. पहिल्या भागात दहा थाटांचे दहाच राग: यमन, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. मुलाला घाबरवायचे नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. थाटांत साऱ्या रागांना बसवताना ओढाताण झाली, हे मीही वर्गात कबूल करतो. थाट म्हणजे घरातली फडताळे, असे मी मुलांना सांगतो. कपडे ठेवायला सोय होते, म्हणून कोणी फडताळ अंगावर घालत नाही. शेवटचे भाग निघत असताना त्यांची प्रकृती ढासळली. १९३३ पासून ते अंथरुणास खिळले होते. पाचवा आणि सहावा भाग त्यांच्या मागे छापून बाहेर आले. पुस्तकात प्रत्येक चिजेखाली ती कोणाच्या घरून आली हे लिहिलेले नाही. हा आमच्या लोकांचा जुना सल, आणि तो अगदीच खोटा आहे असे मला म्हणवत नाही. नाव छापले असते तर काय बिघडले असते? स्वतःचेही नाव लपवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या नावाचे महत्त्व कळले नसावे, असा मी माझ्यापुरता अर्थ लावतो.

आणि पुस्तकाने गवई होत नाही हे त्यांना कळत नव्हते, असे ज्यांना वाटते त्यांनी श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांची गोष्ट आठवावी. भातखंड्यांचा सगळ्यांत लाडका शिष्य, पुढे मॉरिस कॉलेजचा प्राचार्य, पद्धतीचा कट्टर पाईक. या मुलाला भातखंड्यांनी काय केले? बडोद्यास धाडले, फैयाज खाँचा गंडा बांधायला. सहा भागांच्या कर्त्याने आपल्या सर्वोत्तम विद्यार्थ्याला उस्तादाच्या पायाशी नेऊन बसवले. नानांना ही गोष्ट मी एकदा सांगितली. ते काही बोलले नाहीत, पण पानाचा डबा पुढे ओढून बराच वेळ सुपारी कातरत बसले.

नानांच्या उतारवयातला एक प्रसंग सांगून थांबतो.

एका संध्याकाळी ते घरी एका मुलीला शिकवत होते. अप्रचलित बिलावलातली एक चीज, लाल बासनातली. अस्ताई झाली. अंतऱ्याची पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीचा उठाव आला आणि नाना थांबले. पुन्हा पहिली ओळ घेतली. पुन्हा थांबले. वही उघडून समोर होती, बोल स्वच्छ लिहिलेले होते, पण बोलांना स्वर कुठे होते? तंबोरा वाजत राहिला. मुलगी मान खाली घालून बसली. शिकवताना विस्मरण झालेले नाना मी प्रथमच पाहत होतो, आणि कुठे बघावे ते मला कळेना. मला ती चीज येत नव्हती. ती त्यांनी मला दिली नव्हती, "पुढे देईन" म्हणाले होते.

थोड्या वेळाने ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "अरे, ते पुस्तक आण."

"कोणते, नाना?"

"वकिलाचे."

मी पाचवा भाग काढला. चीज तिथे होती. बोलांत एक-दोन शब्दांचा फरक, पण तीच. मी अंतऱ्याची दुसरी ओळ स्वरांवरून वाचून गायलो, जशी छापली होती तशी, सरळ. नानांनी डोळे मिटून घेतले. मी दुसऱ्यांदा गायलो. तिसऱ्या वेळी ते माझ्याबरोबर गाऊ लागले आणि मधेच त्यांनी हात वर केला.

"थांब. इथे गंधारावर असे उभे राहायचे नाही. मध्यमाला शिवून गंधारावर यायचे, आणि बसायचे नाही, रिषभाकडे निघायचे. ऐक." आणि त्यांनी ती जागा घेतली. एकदा, दोनदा, मग सगळा अंतरा, मग परत अस्ताई, समेवर. मुलगी रडत होती, ते नानांच्या ध्यानातही आले नाही.

भातखंड्यांच्या लिपीत अशा स्पर्शाच्या स्वराला चिन्ह आहे. मुख्य स्वराच्या डोक्यावर, डाव्या अंगाला, लहान अक्षरात तो लिहायचा. त्या ठिकाणी तो छापलेला नव्हता. ज्यांनी सांगितली त्यांनी घेतला नसेल, किंवा लिहून घेणाऱ्याला ऐकू आला नसेल. नानांनी माझ्या खिशातली पेन्सिल मागून घेतली. आयुष्यात त्यांनी एक स्वर कागदावर लिहिला नव्हता. पुस्तक गुडघ्यावर घेऊन त्यांनी विचारले, "तो कण कुठे मांडतात रे?" मी जागा दाखवली. त्यांनी त्या गंधारावर एक बारीकसा 'म' काढला आणि पुस्तक मिटून माझ्या हाती दिले.

ते पुस्तक वर्गातल्या कपाटात आहे. पेन्सिल फिकट झाली आहे आणि मी ती पुन्हा गिरवलेली नाही. मुले त्या पानाची झेरॉक्स काढून नेतात, तिच्यात तो 'म' उमटत नाही. म्हणून त्या ओळीशी आलो, की मी त्यांना कागद खाली ठेवायला सांगतो आणि ती जागा गाऊन दाखवतो.